मातकट

फुलदाण्यांच्या खोलीला खिडकी नाही.
बारा तास दिवा, बारा तास अंधार,
भिंतीवर तापमापक, आणि मी, लुझमिला फारिनांगो,
एका हातात तक्ता, दुसऱ्यात कात्री.
बाहेर कायांबेचं बर्फाळ शिखर
दुपारपर्यंत ढगातून डोकं काढत नाही.

या खेपेला सगळे मातीचेच रंग आलेत.
दूर कुठेतरी कुणाचंतरी लग्न आहे,
तिथे लाल नको, गुलाबी तर नकोच,
वाळल्या गवताशी, तागाच्या टेबलपोसाशी
जुळेल असं फूल हवंय.
एका देठाला माझ्या अर्ध्या तासाची मजुरी.
मातीमोल हा शब्द
या खोलीत उलटा टांगलाय.

कॅपुचिनो चौथ्या दिवशी पुरता उमलला.
पोटात गहूवर्णी,
पण कडेला गुलाबी राहूनच जातं,
पुसलेल्या कुंकवासारखं.

टॉफीचा देठ सरळ, काटे कमी.
दिव्याखाली तांबूस, दाराशी नेला की थेट विटकरी.
याचा सौदा करणाऱ्यानं
आधी सभागृहातले दिवे बघून यावेत.

क्विकसँड.
नाव रेतीचं, अंग बाळाच्या टाचेचं.
बाहेरच्या पाकळ्या हिरवट, ओबडधोबड,
त्या खुडू नका, प्रवास त्यांच्याच जिवावर होतो,
हे गिऱ्हाइकाला दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं.

आणि एक, ज्याला अजून नाव नाही.
नुसता आकडा : चारशे सतरा.
रंगाच्या रकान्यात मी लिहिलं, मातकट.
इंजिनिअर एस्तेवेस म्हणाले, मातकट म्हणजे काय?
रंगपट्टीवरचा नंबर दे.
मी पट्ट्या एकेक करून पाकळीला लावल्या,
ही फिकी, ही जळकी,
हिच्यात नको तेवढं जांभळं.
संध्याकाळ झाली. रकाना तसाच.

आठव्या दिवशी कॅपुचिनोनं मान टाकली.
टॉफी दहाव्या.
चारशे सतरा ताठ,
फक्त कडा करपल्यागत,
जन्मल्या दिवसापासून तशाच.
बंदरावर याला रोग म्हणतील, इंजिनिअर म्हणाले,
आणि फुली मारली.
त्यांचंही चुकलं नाही. म्हणतील खरंच.

अकरा देठ वर्तमानपत्रात गुंडाळून
मी पेसिल्योच्या बसमध्ये बसले.
शेजारची बाई म्हणाली, शिळी दिसतात.

बापानं चाळीस वर्षं मातीच्या विटा पाडल्या.
आता गावात सगळे सिमेंटचे पोकळ ठोकळे आणतात.
त्याच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्याच वाटेवर.
त्यानं फूल नाकाशी नेलं, वास नाही म्हणाला,
मग पाकळी चिमटीत धरून
अंगठ्यानं हळूहळू चोळली,
चिखल जोखतात तशी.

तिसऱ्या दिवसाची वीट, तो म्हणाला.
आत ओल आहे अजून.
आज उलटवली पाहिजे, उद्या तडकेल.

तक्त्यात याला रकाना नव्हता.

घरी दिवस मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं,
तरी मोजले. आणखी सहा निघाले.
मग एका रविवारी मी आईच्या कबरीवरून आले
तर जग रिकामा, पालथा, धुऊन ठेवलेला.
गिनीपिगांच्या खुराड्याची भिंत लिंपायला
बापानं माती कालवली होती,
पेंढा कमी पडला,
हाताला लागलं ते टाकलं, म्हणाला.
गुलाब होते ते, मी ओरडले.
हो का, म्हणाला, छान मिसळले.

रोज पहाटे कामावर निघताना
टॉर्च मारून ती भिंत बघते.
अकरा फुलं आहेत तिच्यात,
नक्की आहेत,
मलाच सापडत नाहीत.